मधला ठिपका

१

पोलीस खात्यात असताना मी लोकांच्या घरांच्या भरपूर झडत्या घेतल्या. पिठाचे डबे पालथे केले, उशा फाडल्या, देव्हाऱ्यातले देवसुद्धा उचलून बघितले. त्याचं फळ म्हणा, निवृत्त झाल्यावर लातुरात माझ्याच घराची झडती झाली.

झडती वरच्या खोलीची होती. लातुरात ज्याच्या घराला जिना आहे तो माणूस वरची खोली शिकणाऱ्या पोरांना भाड्यानं देतो, तशी आम्हीही देतो. सध्या तिथं ऋतुजा राहते. औशाकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आल्यापासून तिनं तारामतीला, म्हणजे माझ्या बायकोला, काकू म्हटलं आणि मला काका. भाडेकरू आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

संध्याकाळी तिच्या कॉलेजातले तिघं आले. भौतिकशास्त्राच्या चंद्रप्रभा मॅडम, विभागप्रमुख रेणुकादास सर आणि सर्वेश नावाचे तरुण प्राध्यापक. मॅडमच्या सोन्याच्या पाटल्या दुपारी प्रयोगशाळेतून गेल्या होत्या. पाटल्या त्यांच्या आईच्या.

"तक्रार करायची नाहीये, अण्णाराव," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे. फक्त खोली बघू द्या."

मी बघू दिली. सर्वेश सरांनी गादी उलटी केली, पुस्तकं झटकली, पोह्यांच्या डब्यात हात घातला. काही मिळालं नाही. ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं.

"परवा प्रॅक्टिकल आहे," जाताना सर्वेश म्हणाले. "उद्यापर्यंत पाटल्या आल्या नाहीत तर हिला बसू देणार नाहीत. प्राचार्यांनी घरी कळवलंय. वडील उद्या न्यायला येतील."

"पण हिनंच घेतल्या कशावरून?"

"साहेब, ही म्हणते, मी त्या वेळी डार्करूममध्ये न्यूटनच्या रिंगा बघत होते. मी विचारलं, मध्ये काय दिसलं? तर म्हणे, पिवळा ठिपका." सर्वेश हसले. "मध्ये काळा ठिपका असतो हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. ही आत बसलीच नव्हती. बाहेर, पाटल्या ठेवल्या होत्या त्या वाटीपाशी होती."

रेणुकादास सरांनी मान डोलावली. मॅडम खाली बघत राहिल्या. तिघं गेले आणि जिन्यावर त्यांच्या चपलांची धूळ राहिली.

ऋतुजा माझ्याजवळ आली. "काका, मी खोटं बोलत न्हाई. काळा असतंय हे मला बी ठाऊक हाय. पर पिवळाच होता."

आता चोरीच करायची तर पोरगी पुस्तकातलं सरळ उत्तर सांगून मोकळी झाली असती. चुकीचं उत्तर देऊन स्वतःच्या गळ्यात फास का अडकवून घेईल? तारामतीनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "उद्या जावा तुमी कॉलेजात. घरात बसून नुसता टीव्ही बघायलाव."

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कॉलेजात पोचलो. प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर परिचर बजरंग बसला होता. मी कंधारचा, तो कंधार तालुक्यातला. मग काय, चहा आलाच.

"काल दुपारी आत कोण कोण गेलं?"

"पयली ऋतुजा. मग सर्वेश सर. मग ऋतुजा भायेर आली, हात पुसत गेली. त्यावर मी चहा आणायला गेलो, तवा सर कवा निघाले मला मालूम न्हाई. मी आलो तर मॅडम पाटल्या हुडकायल्या."

"आणि रेणुकादास सर?"

"त्यांची केबिन आतल्या अंगालाच हाय. त्यांना माझ्यासमोरून जायचं कामच न्हाई."

म्हणजे तीन माणसं, आणि बजरंग धरला तर चार. मी त्यालाही सोडला नव्हता. कंधारचा असला म्हणून काय झालं.

व्हरांड्यात आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या. पानाच्या पिचकाऱ्यांनी वाळूवर पापुद्रा धरला होता. शेवटच्या बादलीतली वाळू मात्र उकरलेली आणि भुसभुशीत होती.

"मांजर फिरतंय वाटतं हिकडं," मी म्हटलं.

"मांजर असतं तर काय पायजे होतं," बजरंग म्हणाला. "उंदरांनी सर्किटाच्या तारा खाल्ल्यात सगळ्या."

मग तो आवाज उतरवून बोलला. "साहेब, एक सांगतो. दरसाल आमचा विभाग नांदेडला विद्यापीठात एका पोराचं नाव पाठवतोय, संशोधनाच्या शिबिराला. मॅडमनी ऋतुजाचं नाव काढलंय. लई जनाला पटलं न्हाई ते."

"कुणाला?"

"दुसरं नाव मृत्युंजयचं हाय. सर्वेश सरांचा मेव्हणा. पर रेणुकादास सरांचं बी मॅडमशी पटत न्हाई. मी काय बोललो न्हाई बरं का."

एवढं सगळं बोलून झाल्यावर तो काय बोलला नव्हता.

चंद्रप्रभा मॅडमनी मला जागा दाखवली. आधी एक बाहेरची खोली. तिथं कपाटं, ट्यूबलाइट, रेणुकादास सरांच्या केबिनचं दार, आणि फळीवर स्टीलची वाटी. आतल्या दारामागं डार्करूम. तिला मॅडमचं कुलूप.

"आमच्याकडे एक नियम आहे," त्या म्हणाल्या. "लेन्सला हात लावायचा तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून वाटीत ठेवायचं. फार पूर्वी एका मुलीच्या बांगडीनं चांगली लेन्स ओरखडली. काल मी परीक्षेसाठी रिंगा लावल्या तेव्हा पाटल्या काढल्या. तेवढ्यात मीटिंगचा निरोप आला, तशीच पळाले. आठवण झाली तेव्हा परत आले, तर वाटी रिकामी."

"मग आत गेलात?"

"नाही. बाहेरच्या बटणानं दिवा बंद केला आणि कुलूप लावलं. लावलेला प्रयोग कुणी हलवू नये म्हणून. किल्ली माझ्या पर्समध्येच आहे."

"म्हणजे कालपासून आत कुणी गेलेलं नाही."

"कुणीच नाही."

मी कुलूप उघडा म्हणणार होतो, पण थांबलो. आधी माणसं उघडावीत, मग खोल्या.

३

रेणुकादास सर केबिनमध्ये पेपर वाचत होते. कपाळावर आठ्या, टेबलावर पाचक गोळ्यांची बाटली.

"काल दुपारी आपण कुठं होता?"

"इथंच. एकदा उठून डार्करूममध्ये डोकावलो. सर्वेश मायक्रोस्कोपला बसला होता. मीही डोळा लावला. मध्ये काळा ठिपका, भोवती पिवळी वर्तुळं, अगदी स्वच्छ. परत येऊन बसलो."

"काही आवाज? कुणाची चाहूल?"

"नाही." त्यांनी पेपरचं पान उलटलं. पान उलटताना ते दोनदा चुकले.

सर्वेश सर वर्गाबाहेर भेटले. बोलायला मोकळे, हसरे. मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. इतकी सरबराई झाली की मला नेहमी जरा अवघडल्यासारखं होतं.

"मी सरळ डार्करूममध्ये गेलो," ते म्हणाले. "वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. आत ऋतुजा होती, पण मायक्रोस्कोपला नाही. कोपऱ्यात उभी राहून लाल रुमालाला गाठ मारत होती. मला बघून दचकली आणि निघून गेली. मग मी रीडिंगं घेत बसलो. मध्ये काळा ठिपका, भोवती पिवळी वर्तुळं, अगदी स्वच्छ. रेणुकादास सरही डोकावून गेले. नंतर मी स्टाफरूमला गेलो."

"लाल रुमाल?"

"लालभडक. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. आता वाटतं, पाटल्या त्यातच असणार."

मी त्यांचे आभार मानले आणि व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. दोन शिकलेल्या माणसांचं बोलणं जुळत होतं. नुसतं जुळत नव्हतं, शब्दाला शब्द लागत होता. 'मध्ये काळा ठिपका, भोवती पिवळी वर्तुळं, अगदी स्वच्छ.' माझा अनुभव असा की एकच भांडण बघितलेली दोन माणसं काठी कुठल्या हातात होती यावरून पुन्हा भांडतात. ज्यांचं सगळं जुळतं त्यांनी एकतर एकत्र बसून ठरवलेलं असतं, नाहीतर एकानं दुसऱ्याचं उचललेलं असतं.

घरी फोन लावला. ऋतुजानं उचलला.

"तुझ्याकडं लाल रुमाल आहे?"

"हाव काका. माझ्या काचेच्या बांगड्या हायती ना, त्या स्टीलच्या वाटीत फुटतेत. म्हणून मी रुमालात बांधून हातात ठेवते."

"सर्वेश सर तुला कुठं भेटले?"

"मी भायेर आले तवा. कपाटापाशी हुबे होते. म्हणले, जा तू, आता मी बसतो आत. तवा पाटल्या वाटीत होत्या, काका. मी डोळ्यांनी बघितल्या." ती थांबली. "काका, अप्पा निघालेत गावाहून. बोचकं बांधून ठीव म्हणलेत."

तिचा शब्द आणि सरांचा शब्द. ती म्हणते बाहेर भेटले, ते म्हणतात आत. पोरीच्या शब्दाला कॉलेजात काय किंमत होती ते मी आदल्या दिवशी बघितलंच होतं. तिचा बाप एसटीत बसला होता आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

४

"मॅडम, कुलूप काढा. मला त्या रिंगा बघायच्यात."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?" त्यांनी विचारलं. विचारण्यात हेटाळणी नव्हती.

"म्हणून तर."

दिवा लागला. आधी गुलाबी, मग हळूहळू पिवळाधमक झाला. डार्करूममध्ये तेवढाच उजेड. मॅडम समजावून सांगू लागल्या. सपाट काचेवर फुगीर लेन्स ठेवलेली. प्रकाश वरून पडतो, थोडा लेन्सच्या पोटावरून परततो, थोडा खालच्या काचेवरून. परतलेल्या दोन्ही लाटा वर येऊन एकमेकींत मिसळतात. उंचवट्यावर उंचवटा आला की तिथं जास्त उजेड. उंचवट्यावर खड्डा आला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि तिथं अंधार.

"उजेडात उजेड मिसळून अंधार?" मी म्हटलं.

"हो. मध्ये दोन्ही काचा टेकलेल्या असतात. तिथं खालून परतणारी लाट उलटी होऊन येते, म्हणून तिथं दोघी एकमेकींना संपवतात. म्हणून मधला ठिपका काळा."

हे मला पटायला वेळ लागला नाही. दोन साक्षी एकत्र केल्या की उजेड वाढतोच असं नाही, हे आमच्या खात्यात रोज बघायला मिळतं.

मी एक डोळा मिटून मायक्रोस्कोपला लावला. पिवळी वर्तुळं, त्यांच्यामध्ये काळी वर्तुळं, आत आत जाणारी. अगदी मध्ये बघितलं. मग डोळा पुसून पुन्हा बघितलं.

"मॅडम, तुम्ही बघा."

त्या वाकल्या. बराच वेळ सरळ झाल्या नाहीत. "पिवळा आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं. काचांमध्ये कचरा असेल तर लेन्स किंचित उचलली जाते. अंतर बदललं की मधला ठिपका उजळू शकतो." त्यांनी वरून बॅटरी मारली. लेन्सच्या कडेखालून कापसाचा बारीक धागा डोकावत होता. मॅडमनी स्वतःच्या पदराकडे बघितलं. "मी काल घाईत पदरानंच काच पुसली. पोरांना जे करू नका म्हणून वर्षभर ओरडते तेच केलं. रिंगा दिसल्या आणि मी पळाले. मध्ये काय आहे ते बघितलंच नाही. काळंच असणार, त्यात काय बघायचं."

मी बॅटरी त्यांच्या हातातून घेऊन बंद केली. त्या क्षणी माझी नजर माझ्या मनगटावर गेली. तारामतीनं माहूरहून आणलेला लाल दोरा मी कधी काढत नाही. माझ्या मनगटावर काळा दोरा होता.

"मॅडम, तुमची साडी बाहेर हिरवी होती ना?"

"हो. या दिव्यात एकच रंग असतो, अण्णाराव. पिवळा. बाकी सगळं राखाडी किंवा काळं दिसतं."

मी बाहेर येऊन ट्यूबलाइटखाली हात धरला. दोरा लाल. पुन्हा आत गेलो. काळा.

"सगळ्यांना बोलवा," मी म्हटलं.

५

बाहेरच्या खोलीत तिघं आले. रेणुकादास सर, सर्वेश सर आणि दाराशी बजरंग. ऋतुजालाही बोलावून घेतलं होतं. ती रडून आली होती आणि कपाटाशी उभी होती.

"रेणुकादास सर," मी म्हटलं, "काल आपण आत डोळा लावला तेव्हा मध्ये काय होतं?"

"सांगितलं ना. काळा ठिपका."

"आत जाऊन आता बघा."

ते गेले, आले, आणि खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता.

"सर, आपण डोकावला होता का?"

त्यांनी केबिनच्या दाराकडे बघितलं. "मी झोपलो होतो," ते शेवटी म्हणाले. "जेवण झालं की झोप येते. सर्वेश म्हणाला, मी आत होतो, तुम्ही बघितलं म्हणून सांगा, म्हणजे तुमचीही चौकशी नको. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

"एवढ्यानं पोरगी परीक्षेतून उठत होती," मी म्हटलं. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही.

सर्वेश सर शांत होते. "ठिपका नंतर बदलला असेल. टेबलाला धक्का लागतो. मी बघितलं तेव्हा काळाच होता."

"खोली कालपासून बंद आहे. ऋतुजानं पिवळा सांगितला, हे काल संध्याकाळी माझ्या घरात तुम्हीच बोललात. कुलूप उघडलं आज. बंद खोलीतलं तिला कसं कळलं? आत बसून बघितलं म्हणूनच. तुमच्या आधी पिवळा, तुमच्या नंतर पिवळा, आणि तुम्ही बसलात तेवढ्यापुरता काळा? तुम्ही आत गेलाच नाहीत, सर. तुम्ही पुस्तकातलं सांगितलंत. पुस्तक तुम्हाला इतकं पाठ आहे की बघायची गरजच वाटली नाही."

"हा काही पुरावा नाही."

"बरं. ऋतुजाच्या हातातला रुमाल कसा होता?"

"लाल. सांगितलं ना."

"आणि ती कुठं होती?"

"आत. डार्करूममध्ये."

मी त्यांना दारापर्यंत नेलं आणि माझा हात पिवळ्या उजेडात धरला. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुढचं सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या कानामागून घाम आला तो मला दिसला.

"लाल रुमाल लाल दिसायला ट्यूबलाइट लागते," मी म्हटलं. "म्हणजे तुम्ही तिला बघितलं ते इथं, या खोलीत, वाटीपाशी. ती तेच सांगत होती. ती गेली, बजरंग चहाला गेला, आणि तुमच्यासमोर वाटी होती. सोनं तुम्हाला नकोच होतं. तुम्हाला मृत्युंजयचं नाव नांदेडला जायला पाहिजे होतं."

"साहेब, माझी झडती घ्या. माझ्याकडं काही नाही."

"तुमच्याकडं कशाला असेल? बजरंग, ती शेवटची बादली आण."

बजरंगनं वाळूची बादली आणून फरशीवर पालथी केली. वाळूतून पाटल्या निघाल्या.

"तुला मालूम होतं?" बजरंगनं माझ्याकडे बघून विचारलं. आश्चर्यानं तो मला अरेतुरे करतोय हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

"मला वाटलं होतं मांजरानं उकरलं. पण जिथं उंदीर तारा खातात तिथं मांजर कुठून आलं?"

मॅडमनी पाटल्या उचलल्या, पण घातल्या नाहीत. त्या सर्वेशकडे बघत राहिल्या. "ती तुझीही विद्यार्थिनी होती," एवढंच म्हणाल्या. प्राचार्यांकडे जाताना सर्वेश सरांनी ऋतुजाकडे एकदाही बघितलं नाही.

६

ऋतुजाचे अप्पा संध्याकाळी आले. बोचकं जिन्यात बांधून ठेवलेलं होतं. तारामतीनं त्यांना सगळं सांगितलं. ते पायरीवर बसून बोचक्याची गाठ सोडत राहिले आणि मध्येमध्ये डोळे पुसत राहिले. गाठ पोरीनंच घट्ट मारली होती, लवकर सुटेना.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी चंद्रप्रभा मॅडम घरी आल्या. सरळ वरच्या खोलीत गेल्या. परवा जिथं उभं राहून त्यांनी झडती बघितली होती, तिथंच उभ्या राहिल्या.

"किल्ली माझ्या पर्समध्ये होती, ऋतुजा," त्या म्हणाल्या. "तू पिवळा म्हणालीस तेव्हा उघडून बघायला मला कितीसा वेळ लागला असता? मी तुझ्या गादीखाली शोधलं. मला लाज वाटते."

ऋतुजानं त्यांना बसायला चटई टाकली. ती कुणाला अवघडू देणारी पोर नाही.

चहा पिता पिता परीक्षेचं निघालं. मॅडमनी तो कापसाचा धागा मुद्दाम तसाच ठेवला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तेवढं सांगितलं होतं. परीक्षकांनी प्रत्येकाला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगून विचारलं, मध्ये काय आहे? मुलं डोळा लावायची आणि काळा ठिपका सांगायची. ऋतुजा शेवटी होती. ती पिवळा म्हणाली आणि का ते तिनं सांगितलं. नांदेडला तिचं नाव गेलं.

"म्हणजे बाकी सगळी पोरं खोटं बोलली," मी म्हटलं. "न बघता ठोकून दिलं."

ऋतुजानं मान हलवली. "न्हाई काका. मी मागंच हुबी होते. सगळ्यांनी बराबर बघितलं. मन्मथनं तर दोनदा बघितलं." तिनं कप खाली ठेवला. "खोटं न्हाई बोलले ते. त्यांना काळाच दिसला असंल."

उभं आयुष्य मी लोकांच्या साक्षी घेतल्या. डोळ्यांनी बघितलं का, विचारायचो, आणि समोरचा हो म्हणाला की पुढं जायचो. त्या संध्याकाळी मला चहा गेला नाही. तारामती म्हणाली, गार झालाय, गरम करून देऊ का, आणि मी नको म्हटलं.